समुद्राकडे पाठ केलेलं घर

पहाटे ४:३०

घरात सगळ्यात आधी जागा होतो तो बंब. सोडणं आणि करवंट्या रात्रीच रचून ठेवलेल्या असतात, ताई फक्त काडी लावते. छपरावर सौरबंब आहे, पण थंडीत त्याचं ऊन पाणी पहिल्या चार-पाच अंघोळींत संपतं आणि खोल्या सहा आहेत. आज शनिवार आणि त्यात संकष्टी, म्हणजे सगळ्या भरलेल्या.

गाव दिवेआगर, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड. आम्ही हैदराबादच्या अंबरपेठेतले. ताई इथे दिली तेव्हा आईला समुद्राची भीती वाटली होती. समुद्र आमच्याकडे म्हणजे हुसेनसागर, तोही तलाव. खरं तर बापटल्याजवळचा सूर्यलंकेचा किनारा आम्हाला कोकणाच्या निम्म्या अंतरावर आहे. तरी आमच्या गल्लीतली मराठी घरं रात्रीची मुंबई गाडी धरतात, सकाळी पुण्याला उतरतात आणि ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा करत इथेच येतात. कारण विचारलं तर जेवण सांगतात. या खेपेला माझ्याबरोबर शेजारचं एक अख्खं कुटुंब आलंय, आजोबांपासून नातवापर्यंत. ते पाहुणे, मी कामाला.

५:३०

दाजी पंप सुरू करतात. (त्यांना दाजी म्हणणारी इथे मी एकटीच, त्यामुळे हाक मारली की दोन आवारं हसतात.) पाणी आधी वाडीला, मग टाकीत. हा क्रम त्यांच्या वडिलांपासूनचा आहे आणि तो पाहुण्यांसाठी बदलत नाही.

या घराची रचना समजल्याशिवाय इथला दिवस समजत नाही. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड, गुहागर या किनाऱ्यावरच्या जुन्या गावांत घरं रस्त्याला तोंड करून असतात. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, मग विहीर, मग पोफळी-माडांची लांबट वाडी, तिच्यापलीकडे केवडा आणि सुरूचं बन, आणि त्यानंतर कुठे वाळू. समुद्राकडे घराची पाठ. खारा वारा घरात घेण्याची कुणाला हौस नव्हती, तो झाडांनी अडवायचा असायचा. त्यामुळे ‘समुद्रकिनाऱ्यावरचं हॉटेल’ म्हणून जे लोक शोधत येतात त्यांना पहिल्यांदा समुद्र दिसतच नाही. सहा खोल्या विहीर आणि वाडी यांच्यामध्ये, एका ओळीत. दारात उभं राहिलं की पोफळीचे सरळ खांब दिसतात आणि त्यांच्यामागून नुसती गाज येते.

विहीर मात्र सगळ्याचा कणा. वाळूत थोडं खोल गेलं की गोडं पाणी लागतं. ते पावसाचं मुरलेलं, खाऱ्या पाण्यावर तरंगणारं. उपसा वाढला की खालचं खारं वर येतं, आणि एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला पावसाळे लागतात. पोफळ आणि पाहुणा दोघेही याच पाण्यावर. मागे एका बांधकामवाल्यानं दाजींना पोहण्याच्या तलावाचा नकाशा काढून दिला होता, दर दुप्पट लावता येईल म्हणून. दाजींनी तो घडी घालून हिशेबाच्या वहीत ठेवलाय. खोल्या सहाच का, याचं उत्तर ते विहिरीत वाकून बघत देतात.

६:३०

चहा. इथून पुढे तासभर मला लाज वाटते.

आमच्या अंबरपेठेच्या मंडळींना इराणी चहाची सवय. दूध वेगळं आटवलेलं, डिकॉक्शन वेगळं, वर साय. ताईचा चहा गवती चहा आणि आलं घातलेला, पाणीदार. आजोबांनी कप तोंडाला लावला, खाली ठेवला आणि म्हणाले, “चांगला आहे, पण हे औषध झालं, चहा कुठंय?” ताईच्या सासूबाईंनी, ज्यांना सगळे पाहुणे आजीच म्हणतात, ते ऐकलं. पाच मिनिटांनी नुसत्या दुधाचा, साखर सढळ घातलेला दुसरा कप आला. आजोबांनी पिशवीतून उस्मानिया बिस्किटं काढली आणि आजींना दिली. दोघांचं जमलं. मग बराच वेळ गुडघ्यांवर बोलणं.

७:३०

घावनं. बिडाचे दोन तवे, एकावर ताई, दुसऱ्यावर मदतीला येणारी शेजारची बाई. तांदळाचं पीठ ताकाइतकं पातळ, तव्यावर कडेकडून ओतायचं, जाळी पडली की झाकण. सोबत ओल्या नारळाची चटणी आणि ज्यांना हवा त्यांना गूळ घातलेला नारळाचा रस. न्याहारीला पर्याय नाही. रोज एक पदार्थ ठरलेला, खाणाऱ्यानं कितीही खावा. ऑम्लेट, टोस्ट मिळेल का म्हणून विचारणारा एखादा असतोच. ताई नाही म्हणत नाही, “उद्या पोहे आहेत” म्हणते.

आज उपास असणाऱ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी वेगळी. आजोबांनी भगर मागितली, तीही निघाली.

९:००

ओटीच्या खांबाला एक पाटी टांगलेली आहे. त्यावर खडूनं रोज भरतीची वेळ लिहिली जाते. आज लिहिलंय: भरती दुपारी ३. यासाठी मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी, म्हणजे चारची पाऊणपट तीन. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच, आणि रोज भरती साधारण पाऊण तासानं पुढे सरकते. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण कोळ्यांचं आणि वाडीवाल्यांचं काम त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

भरती तीनला, म्हणजे ओहोटी आता नवाला पुरी झाली आणि पाणी परत चढायला लागलं. दाजी मंडळींना सांगतात, “आत्ता जा. पाणी आत येतंय, ते तुम्हाला काठाकडेच ढकलेल. संध्याकाळी पाचला उतरतं असेल, तेव्हा घोट्याच्या वर नको.” हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. शहरातला माणूस लाटेला घाबरतो; खरी ओढ असते ती परतणाऱ्या पाण्याला. माझ्या मते या घरात पाहुण्याला मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट ही पाटीच आहे आणि तिचे पैसे बिलात लागत नाहीत.

मंडळी सुरूच्या बनातून गेली की घर आमचं.

१०:००

दोन खोल्या रिकाम्या झाल्या, दुपारी नवीन माणसं येणार. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. मोरीच्या जाळीतली वाळू चमच्यानं काढायची, हे काम माझं. समुद्राजवळ राहण्याचा रोमँटिक भाग या जाळीत संपतो. बिजागऱ्या, कड्या, नळ, पंख्याचे स्क्रू, सगळ्याला खारा गंज. दाजी दर आठवड्याला खोबरेल आणि फडकं घेऊन दारंखिडक्या पुसत फिरतात.

चादरी झटकता झटकता आजी जुन्या गोष्टी सांगतात. या खोल्या आल्या कुठून, हे मी त्यांच्याकडूनच तुकड्यातुकड्यांनी ऐकलंय.

दिवेआगर जुनं गाव. मराठीतल्या अगदी आरंभीच्या लेखांत ज्याची गणना होते तो शके ९८२चा, म्हणजे १०६०चा शिलाहारकालीन ताम्रपट इथलाच. रूपनारायणाची मूर्ती बघायला अभ्यासू लोक पूर्वीही यायचे, कुणाच्या तरी ओटीवर उतरायचे आणि जाताना पत्ता देऊन जायचे. त्याला कुणी धंदा म्हणत नव्हतं. घर चालायचं सुपारीवर. श्रीवर्धनी रोठ्याला बाजारात नाव होतं आणि आहे.

१७ नोव्हेंबर १९९७ला गावातल्या एका वाडीत खणताना तांब्याची पेटी निघाली आणि तिच्यात सोन्याचा गणपती. महिन्याभरात गाव नकाशावर आलं. पुण्या-मुंबईच्या बस येऊ लागल्या. दर्शन झालं की लोक विचारायचे, जेवायला कुठे मिळेल? खानावळ नव्हतीच. मग घराघरांतून पानं वाढली जाऊ लागली. आजी म्हणतात, पहिले पैसे घेताना हात पुढे होत नव्हता, पाहुण्यानं ते देवाजवळ ठेवले. पुढच्या हंगामात मागच्या पडवीला कुडाच्या जागी भिंत आली. मग न्हाणीघर, मग एक खोली, मग दुसरी. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेसारख्या योजनांमुळे घरातल्या खोल्या रीतसर भाड्यानं देता येऊ लागल्या. कर्ज काढून एकदम काही बांधलेलं नाही. प्रत्येक खोलीमागे एकेका वर्षाची सुपारी आहे.

मार्च २०१२मध्ये मंदिरावर दरोडा पडला. दोन रखवालदार मारले गेले, मूर्ती गेली. त्या रात्रीबद्दल आजी बोलत नाहीत, चादर नीट घडी होईपर्यंत गप्प राहतात. गर्दी ओसरली. पण तोवर येणाऱ्यांपैकी पुष्कळांना वाडीची आणि या घरांची चटक लागली होती, ते देवाशिवायही येत राहिले. मंदिरात पुन्हा सुवर्णगणेश बसला तो नोव्हेंबर २०२१मध्ये. आज संकष्टी म्हणून तिथे रांग असणार.

१२:००

नारळ. विळीवर बसून खवायचा तो दुपारच्या सोलकढीला, रात्रीच्या मोदकांना आणि उद्याच्या चटणीला. मोदकांची मागणी सकाळी न्याहारीलाच घेतली जाते, नंतर आलेल्याला नाही. गूळ-खोबरं कढईत पडलं की वाडीतली मुंग्यांची सगळी वस्ती कळवल्यासारखी हजर होते.

१:१५

जेवण. पडवीत दोन पंगती. वालाचं बिरडं, कोबी, काकडीची कोशिंबीर, मिरगुंड, आमटी, भात, सोलकढी. उपासवाल्यांना भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचे काप. घर शाकाहारी आहे. मासे हवे असणाऱ्यांना दाजी चार घरं पलीकडे पाठवतात, तिथे भरडखोलच्या बंदरावरून सकाळीच सुरमई, बोंबील येतात. त्या घरून मोदकांसाठी माणसं इकडे येतात. या देवाणघेवाणीचा हिशेब दोन्हीकडे ठेवत नाहीत. हैदराबादेत एका गल्लीतली दोन हॉटेलं असं करताना मी तरी पाहिलेली नाहीत.

वाढायला दाजी स्वतः. भात वाढताना पाहुण्याला विचारायचं नाही, पानाकडे बघायचं, ही आजींची शिकवण.

२:३०

आता घरची माणसं जेवायला बसतात. फोन मात्र बसू देत नाही. “एसी आहे का? वायफाय? रूममधून सी व्ह्यू?” ताई एका हातानं कालवत उत्तरं देते. बुकिंगची ॲप्स तिनं दोन वर्षं वापरून बंद केली. दलाली हे एक कारण. दुसरं असं की ॲपवरून आलेला माणूस खोली घेतो, जेवायचं सांगत नाही, आणि रात्री नऊला भूक लागली म्हणून दार वाजवतो. फोनवर बोललं की माणूस कळतो, असं तिचं म्हणणं. आगाऊ रक्कम मात्र मोबाइलवरूनच येते.

घरातल्या बाईनं समुद्रकाठी खोल्या भाड्यानं द्यायच्या हा प्रकार काही कोकणाचा एकट्याचा नाही. इंग्लंडात ब्लॅकपूलला गिरणी कामगार सुट्टीला यायचे तेव्हा अनेक घरमालकिणी त्यांना खोली द्यायच्या. शिधा पाहुण्यानं आणायचा, शिजवून मालकिणीनं द्यायचा. त्या बायकांच्या शिस्तीवर तिकडे पुष्कळ विनोद झाले: न्याहारीनंतर पाहुण्यानं बाहेर पडायचं आणि जेवणाच्या वेळेआधी परत यायचं नाही. मी हे ताईला सांगितलं. ती म्हणाली, “बरोबरच आहे त्यांचं. नाही तर मोऱ्या कधी धुवायच्या?”

४:००

भरती होऊन गेली. नवीन दोन कुटुंबं आली, त्यांना शहाळी. खळ्यात सुपारी वाळत घातलेली आहे, ती पायानं हलवून उलटायची. नव्या पाहुण्यांची मुलं लगेच तिच्यात शिरली. आजी रागावत नाहीत, त्यांच्याकडूनच उलटून घेतात.

सुपारीचा ढीग पूर्वी गुडघाभर असायचा. आता खळ्याची एक बाजू रिकामी राहते. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात जमिनीवर आलं. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, ताशी १०० किलोमीटरहून जोराचा वारा. टाळेबंदी चालू, खोल्या रिकाम्या. घरातली सगळी माजघरात बसून होती आणि मागे वाडीत झाडं मोडण्याचे आवाज चालू होते. अशा वाऱ्यात पोफळ मधूनच तुटते. वारा थांबल्यावर दाजींनी मागचं दार उघडलं तेव्हा घरातून पहिल्यांदाच समुद्र सरळ दिसला. ताईनं मला फोनवर सांगितलं होतं ते एवढंच. फोनही कित्येक दिवसांनी लागला.

भरपाईचा हिशेब हेक्टरी निघाला आणि इथे वाड्या गुंठ्यांत. एका गुंठ्यात पोफळी, माड, खाली जायफळ, मिरीचा वेल, केळी, हे सगळं एकावर एक. ते हेक्टरात मोजलं की हाती फारसं उरत नाही, म्हणून झाडागणिक मोजा ही मागणी झाली. शिवाय पोफळीचं रोप लावलं की पहिली सुपारी दिसायला सहा-सात वर्षं लागतात. तेव्हा लावलेल्या झाडांना आता कुठे फळ धरतंय. मधली सगळी वर्षं वाडीचं शिंपण, खत, मजुरी, रोपं यांचा खर्च खोल्यांनी उचलला. आधी सुपारीनं खोल्या बांधल्या होत्या. पर्यटक सावलीसाठी येतात, सावली वाडीची, आणि वाडी आता त्यांच्याच पैशावर वाढतेय. दाजींना हे उलटं झालेलं गणित अजून पटत नाही. कुणी त्यांना हॉटेलवाले म्हटलं की ते बागायतदार म्हणून दुरुस्त करतात, वहीच्या पहिल्या पानावरही तेच लिहिलंय.

आमच्या आजोबांनी त्यांना विचारलं, “वादळ येतं माहीत असून इथंच राहायचं?” दाजींनी उलट विचारलं, “तुमच्या मुसीचं काय?” १९०८च्या सप्टेंबरात मुसी नदीला पूर येऊन हैदराबादचा मोठा भाग धुऊन गेला होता, आणि आम्ही आज अंबरपेठेत मुसीपासून चालत जायच्या अंतरावर राहतो. आजोबा हसले. “नक्को तो विषय,” म्हणाले.

५:३०

मला मुलांवर लक्ष ठेवायला किनाऱ्यावर पाठवलं. पाणी उतरत होतं, म्हणून सगळ्यांना ओल्या वाळूतच धरून ठेवलं. लांबच लांब सपाट काठ, त्यावर खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांची रांगोळी. एका टोकाला घोडागाडी, मोटारबोटी, भेळ. दुसऱ्या टोकाला कुणीच नाही. मला हे दुसरं टोक आवडतं, पण मुलांनी घोडागाडीकडे ओढलं.

ताईला चल म्हटलं होतं. हंगामात ती इकडे फिरकत नाही. घरापासून पाच मिनिटं, आणि तिचा समुद्र म्हणजे पाटीवरचा आकडा.

६:४५

फाटकाशी नळ आणि बादली. पाय धुतल्याशिवाय कुणाला आत प्रवेश नाही, जिल्हाधिकाऱ्यालाही नाही, असं आजी सांगतात. आमच्या गल्लीतला नातू लाटेत बसून आला होता, शिंकायला लागला. त्याच्या आईनं पर्समधून झिंदा तिलिस्मात या औषधाची बाटली काढली. ती अंबरपेठेतच बनते, १९२०पासून, आणि आमच्याकडचा माणूस तिच्याशिवाय गाव सोडत नाही. दोन थेंब रुमालावर. आजींनी बाटली हातात घेऊन वास घेतला, नाक पुसलं आणि एक बाटली मागवून ठेवायला सांगितली.

७:३०

उकड. जितकी पिठी तितकं पाणी, त्यात मीठ आणि तुपाचा थेंब. उकळी फुटली की पिठी घालून झाकण, मग परातीत काढून गरम असतानाच मळायची. थांबलं की पारीला भेगा. हळदीची पानं पावसाळ्यातली, आत्ता नाहीत, म्हणून चाळणीत केळीचं पान. आजी, ताई, मदतीची बाई आणि मी. आजींच्या कळ्या बारीक आणि मोजून केल्यासारख्या, ताईच्या त्याहून जलद. माझे मोदक दुसऱ्या थरात खाली घातले जातात.

पाहुण्यांतल्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या, शिकायचंय म्हणून. ताईनं त्यांना पाट दिले. शहरात आता यासाठी तिकीट लावून वर्ग घेतात. इथे फक्त हात ओले करायला सांगतात.

९:००

चंद्रोदयाची वाट. अंगणातून चंद्र दिसायला माडांच्या वर यावा लागतो, म्हणून पंचांगातल्या वेळेपेक्षा इथे उशीरच. उपास सोडणारे अस्वस्थ. एकानं मोबाइलमध्ये वेळ दाखवून “झाला चंद्रोदय” म्हणून जाहीर केलं, आजींनी मानलं नाही. शेवटी एक जण रस्त्यावर पळत जाऊन बघून आला. आरती, नैवेद्य, मग पानं. मोदक फोडून वर तूप. आजोबांना साखर, म्हणून सूनबाईंनी दोनच सांगितले होते. तिसरा आजींनी न विचारता वाढला. पानाकडे बघून.

१०:४५

भांडी झाली. दाजी वहीत लिहितात: नारळ, गूळ, दूध, गॅस, मजुरी. पोफळीच्या रोपांचं पान वेगळं. खोल्यांची जमा आणि वाडीचा खर्च एकाच वहीत असल्यामुळे या घराचा नफा नक्की कशातून झाला ते त्यांच्या हिशेबनिसालाही दरवर्षी विचारावं लागतं.

ताई उद्याचं सांगते. आमची मंडळी सातला निघणार, म्हणजे पोहे सहाला. वाटेत खायला मोदक नकोत, आंबतात; त्याऐवजी लाडू बांधून ठेवलेत. रविवारी दुपारी चार खोल्या रिकाम्या होतील, सोमवारी विहिरीचा गाळ काढायला माणूस येणार आहे. उद्या पंचमी. पावणेचार, असं पुटपुटत दाजी खडू शोधायला ओटीवर गेले.